बर्फाच्या कारखान्यात आईला घेऊन गेले (आणि ठाणे-नवी मुंबईकरांना एक विचारणं)

चेंदणीची लेक

गेल्या रविवारी आईला घेऊन बॅलार्ड इस्टेटला जाऊन आले. तिथे बर्फाचा एक जुना कारखाना आहे. काही वर्षांपूर्वी मलिक आर्किटेक्चर या वास्तुरचनाकारांनी त्याला नवं रूप दिलं, आणि आता तिथे प्रदर्शनं, गप्पांचे कार्यक्रम, प्रयोग असं काही ना काही चालू असतं. नाव जुन्या कामावरूनच ठेवलंय: आइस फॅक्टरी बॅलार्ड इस्टेट. आद्याक्षरं जोडून लोक आयएफबीई म्हणतात. सीएसएमटीला उतरून जीपीओच्या बाजूने चालत गेलं की फार लांब नाही. आईच्या गुडघ्यांमुळे हळू चालत आम्हाला पंचवीस मिनिटं लागली.

मैत्रिणीबरोबर आधी एकदा गेले होते. तेव्हाच ठरवलं होतं की आईला इथे आणायचं. कारण सांगते.

आमचं घर चेंदणी कोळीवाड्यातलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, त्या रुळांच्या दोन्ही अंगांना आमचा कोळीवाडा आहे. माझे आजोबा ठाण्याच्या खाडीत जाळं टाकायचे. निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी, नशीब असेल तर जिताडा. पुढे खाडीच्या काठाने कारखाने उभे राहिले, त्यांचं पाणी खाडीत आलं आणि जाळ्यात येणारं म्हावरं दर वर्षी कमी होत गेलं. आई लग्न होऊन आली तेव्हा घरच्या होडीवर घर चालत नव्हतं. म्हणून ती भाऊच्या धक्क्यावर जाऊन लिलावात माल घ्यायला लागली. पहाटे तीनला उठायचं, धक्क्यावर माल घ्यायचा, सँडहर्स्ट रोडहून मालडब्यात पाट्या चढवायच्या आणि उजाडायच्या आत ठाण्याच्या बाजारात बसायचं. बत्तीस वर्षं तिने हे केलं.

या बत्तीस वर्षांत तिच्या हाताला रोज लागलेली गोष्ट म्हणजे बर्फ. लोकांना वाटतं कोळणीला मासळी कळते. आई म्हणते, मासळी तर सगळ्यांनाच कळते, धंदा टिकतो तो बरफ कळल्यावर. बोंबील किती वेळ राहील, बांगड्याला किती चुरा लागेल, पाटीच्या तळाला पाणी साचू न देता वितळलेलं कसं खाली गळू द्यायचं (म्हावरं पाण्यात बसलं की मऊ पडतं), हे तिला घड्याळ न बघता कळायचं. बर्फाची लादी गोणपाटात बांधून यायची. आमच्या घरी एक लाकडी मोगरी होती. लादीवर मोगरी आपटली की घट्ट बर्फ खणखणीत वाजतो आणि पोकळ असला तर भदभद आवाज येतो. लहानपणी आम्हा भावंडांना तो फरक ऐकू यायचा. आता मला येईल की नाही, सांगता येत नाही.

तर आम्ही आत गेलो. उंच उतरतं छप्पर, जुन्या जाड भिंती, चौकात वडाचं झाड. भिंतींवर चित्रं होती. आईने चित्रांकडे आधी पाहिलंच नाही. ती छपराकडे बघत राहिली, मग भिंतीजवळ जाऊन तळहात टेकवला आणि म्हणाली, "जाडी बघ. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून." मग फरशीकडे बघत फिरली आणि मला विचारलं, "डबे कुठे बुडवायचे इथे?" मला काय माहीत! तिथे चित्रं बघायला आलेली एक मुलगी उभी होती, कॉलेजातली असेल. तिने विचारलं, "आजी, कसले डबे?"

आणि आई बोलायला लागली. मी इतकी वर्षं तिची लेक आहे, पण बर्फाबद्दल ती सलग वीस मिनिटं बोललेली मी कधी ऐकली नव्हती. लादी कशी येते, एका माणसाला आकड्याने ती कशी ओढत आणता येते, उन्हाळ्यात लग्नसराई आली की बर्फाचा भाव कसा चढतो, कारखान्यात वीज गेली की दुसऱ्या दिवशी धक्क्यावर कशी रडारड व्हायची. चार-पाच जण गोळा झाले. एकाने फोनवर रेकॉर्ड केलं. आई संकोचली, पण थांबली नाही.

शेवटी ती एका मोठ्या चित्रासमोर उभी राहिली. निळं-पांढरं होतं, आकार कसलाच नाही, मध्ये पांढरा धूसर पट्टा आणि कडेला स्वच्छ निळाई. मला त्यात काही उमगलं नाही. आई म्हणाली, "ही लादी आहे. मध्ये दुधी, कडेला काच." चित्रकाराच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक. पण आईचं म्हणणं ऐकल्यावर मला त्या चित्रात दुसरं काही दिसेना.

परत येताना गाडीत मी विचार करत होते. कारखाना नुसता पाडून टाकण्यापेक्षा त्यात चित्रं लावली, नाटकं केली, हे मला मनापासून आवडतं. पण ती जागा माझ्यासाठी पुरी झाली ती आई तिथे बोलली तेव्हा. म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारते आहे. ठाण्यात, कळव्यात, वागळे इस्टेटला, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पट्ट्यात अशी कुठली जुनी कारखान्याची वास्तू आहे, जिथे आज कुणी कलेचं काम करतंय? आणि तिथे किंवा तशा कारखान्यात काम केलेलं माणूस तुमच्या घरात आहे का? असेल तर इथे लिहा. त्यांना विचारून लिहा.

अमोनियावाला

ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मी तुर्भ्याला शीतगृहात आणि त्याआधी बर्फाच्या कारखान्यात मिळून एकतीस वर्षं कंप्रेसर चालवला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. "डबे कुठे बुडवायचे" हा प्रश्न वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. बर्फाच्या कारखान्यात शिरल्यावर विचारायचा पहिला प्रश्न तोच आहे.

सांगतो. जमिनीत एक मोठी टाकी असते, त्यात मिठाचं पाणी. आम्ही त्याला ब्राइन म्हणायचो. मीठ असल्यामुळे ते शून्याच्या खाली उणे दहा अंशांपर्यंत नेलं तरी गोठत नाही. त्या पाण्यात लोखंडी नळ्यांचं जाळं असतं आणि नळ्यांतून अमोनिया फिरतो. अमोनिया साध्या हवेच्या दाबाला उणे तेहेतीस अंशांवर उकळतो. उकळताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. मग कंप्रेसर त्याची वाफ दाबतो, पाण्याने ती गार करतो, पुन्हा द्रव होतो, पुन्हा नळ्यांत सोडायचा. दिवसरात्र हाच फेरा. नळ्या लोखंडाच्याच का? कारण अमोनिया तांब्या-पितळेला खातो.

गोड्या पाण्याने भरलेले डबे त्या मिठाच्या पाण्यात गळ्यापर्यंत उभे बुडवायचे. वरून लाकडी फळ्यांची झाकणं. त्या फळ्यांवरूनच आम्ही चालायचो. आमच्याकडचा डबा सुमारे दीडशे किलोच्या लादीचा होता. अशी लादी पुरी गोठायला जवळपास दोन दिवस लागतात. घाई केली, ब्राइन जास्त थंड केलं, तर लादी तडकते. गोठली की वरच्या क्रेनने डबे उचलायचे, साध्या पाण्यात क्षणभर बुडवायचे म्हणजे कडा सुटतात, आणि डबा आडवा करायचा. डबा वर रुंद आणि तळाला किंचित निमुळता असतो, म्हणून लादी सरकन बाहेर येते. तो आवाज माझ्या कानात अजून आहे.

आता तुमच्या आईंच्या त्या चित्राबद्दल. "मध्ये दुधी, कडेला काच" हे शंभर टक्के बरोबर निरीक्षण आहे. पाणी बाहेरून आत गोठत जातं. गोठताना ते हवा आणि क्षार आपल्यात घेत नाही, पुढे ढकलतं. ते सगळं शेवटी मध्यावर अडकतं आणि तिथे पांढरं दिसतं. पारदर्शक बर्फ हवा असेल तर गोठताना डब्यात हवेची बारीक नळी सोडून पाणी सारखं हलवत ठेवायचं, आणि गाभा गोठायच्या आधी मधलं पाणी उपसून ताजं भरायचं. एवढी मेहनत खाण्याच्या बर्फाला करायचे. मासळीच्या बर्फाला कुणी करत नसे, म्हणून तुमच्या आईंच्या लाद्या दुधी असणार. (२०१८ पासून महाराष्ट्रात न खाण्याचा बर्फ निळसर रंग घालूनच करायचा असा नियम आहे, म्हणजे आता लादीची खूणच वेगळी.)

आणखी एक. तुमच्या घरी दीड टनाचा एसी असेल. तो टन कसला, कधी विचार केलाय? एसीचं वजन नाही ते. दोन हजार पौंड पाणी, शून्य अंशावरचं, चोवीस तासांत बर्फ करायला जेवढी उष्णता काढावी लागते, ते एक टन. साडेतीन किलोवॅट म्हणा. म्हणजे आज प्रत्येक घरातल्या एसीवर बर्फाच्या कारखान्याचं माप लिहिलेलं आहे.

गळती ओळखायला आम्ही गंधकाची कांडी पेटवून नळ्यांच्या जोडांपाशी फिरवायचो. अमोनिया असेल तिथे पांढरा धूर उठतो. माझ्या बायकोला मी रातपाळीहून घरी आलो की कपड्यांच्या वासावरून कळायचं, आज जोड सुटला होता.

रातपाळी

लेख वाचला, आवडलाही. पण मला अशा जागांत गेलं की बरं वाटत नाही, ते का ते लिहितो.

माझे वडील परळला कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होतो. अडीच लाख माणसं घरी बसली. आमच्याकडे आधी रेडिओ गेला, मग आईच्या पाटल्या, मग चाळीतली खोली गेली आणि आम्ही कळव्याला आलो. वडील शेवटपर्यंत म्हणायचे की गिरणी पुन्हा सुरू होईल.

१९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक शहराच्या मोकळ्या जागांना, एक सामान्यांच्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला, आणि ती वाटणी फक्त जिथे मुळात बांधकाम नव्हतं तेवढ्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. त्यामुळे आज लोअर परळला कुणी जुन्या चिमणीचं, जुन्या विटांचं कौतुक करू लागलं की माझ्या मनात एकच येतं: भिंती तिथे राहिल्या, माणसं कळवा, दिवा, डोंबिवलीला गेली.

तुमच्या आई बोलल्या म्हणून त्या दिवशी तिथे माणूस होता. एरवी?

चेंदणीची लेक

दादा, तुम्ही लिहिलंत ते मला पटतं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. "एरवी?" याच एका शब्दासाठी मी हा धागा काढला, असं आता वाटतंय. तुमच्या वडिलांचं साचेखात्यातलं काम तुम्हाला जेवढं आठवतं तेवढं लिहाल का? संपाचं पुष्कळ लिहिलं गेलंय. साचा कसा चालायचा, हात कुठे ठेवायचा, हे फार कमी ठिकाणी मिळतं.

उत्तरउजेड

मी वास्तुरचनाकार आहे, कार्यालय वागळे इस्टेटला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात १ ऑगस्ट १९६२ ला झाली ती इथूनच. त्यामुळे इथल्या जुन्या शेडांकडे मी जरा आपुलकीने बघतो.

चित्रकारांना जुने कारखाने का आवडतात, याचं एक कारण छपरात आहे. जुन्या कापडगिरण्यांचं छप्पर बाजूने पाहिलं तर करवतीच्या दात्यांसारखं दिसतं. प्रत्येक दात्याची एक बाजू उतरती आणि पत्र्याची किंवा कौलांची, दुसरी जवळजवळ उभी आणि काचेची. काच कायम उत्तरेला. का, तर उत्तरेच्या आकाशाचा उजेड सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारखा असतो, ऊन थेट आत येत नाही, सावल्या पडत नाहीत. तुटलेला धागा शोधणाऱ्या कामगाराला तसाच उजेड लागायचा. रंगाची खरी छटा बघणाऱ्या चित्रकारालाही तोच लागतो. धाग्यासाठी केलेली सोय रंगाला कामी आली.

आपल्याकडे मात्र त्यात एक अडचण आहे, जी इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या गिरणीवाल्याला सुचायची नाही. मुंबई-ठाणं एकोणीस अंश अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळ तर तो चांगलाच उत्तरेला उगवतो-मावळतो. म्हणजे त्या काळात उत्तरेच्या काचेतूनही ऊन शिरतं. त्यातले बरेच दिवस पावसाळी ढगांचे, म्हणून भागतं. पण मेच्या उत्तरार्धात अशा शेडमध्ये जलरंगाची चित्रं लावायची असतील तर काचेला आतून पडदा हवाच.

कुणाकडे असं छप्पर अजून शाबूत असेल, तर कृपा करून काचेवर पत्रा ठोकू नका. गळतं म्हणून सगळे आधी तेच करतात.

खारीगावची सून

कारखान्यांच्या वास्तू राहिल्या नाहीत तरी ठाण्यातल्या चौकांना त्यांची नावं बघा किती राहिलीत! सकाळी रिक्षात बसून मी कुठे जाते? नितीन कंपनी. मग कॅडबरी. नणंद राहते गोल्डन डाइजला. माझ्या मुलीला मी विचारलं, गोल्डन डाइज म्हणजे काय गं? ती म्हणाली, सिग्नल. रंगांचा कारखाना होता ते तिला ठाऊकच नव्हतं. मला तरी कुठे होतं, सासऱ्यांनी सांगितलं.

पोखरण रस्त्याला रेमंडची लोकरीची गिरणी होती, १९२५ ची. आता त्या जमिनीवर उंच इमारती आहेत. आमच्या शेजारच्या आजोबांकडे तिथल्या कामाच्या खूप गोष्टी आहेत. ऐकू कमी येतं त्यांना, पण बोलतात छान. या आठवड्यात वही घेऊन बसते त्यांच्याजवळ. कामाला लावलंत ताई तुम्ही.

गाळा नंबर सात

ताईंनी विचारलंय की आपल्याकडे कुणी करतंय का. आम्ही करतो, म्हणून लिहितो.

आमची हौशी नाटकमंडळी आहे. गडकरी रंगायतन आपल्याकडे १९७८ पासून आहे, पण तिथे प्रयोग होतो; तालीम कुठे करायची? घरांत जागा नाही, शाळांचे वर्ग संध्याकाळी मिळत नाहीत. काही वर्षांपूर्वी आम्ही औद्योगिक वसाहतीत एक गाळा भाड्याने घेतला. आधी त्यात प्लास्टिकची झाकणं बनत. फरशीवर अजून मशीनच्या पायाचे चार बोल्ट आहेत, त्यांना रंग लावून आम्ही त्यावरूनच नटांच्या जागा ठरवतो.

ज्यांच्या मनात असं काही करायचं असेल त्यांच्यासाठी खरं खरं लिहितो. पहिलं, उकाडा. सिमेंटच्या पत्र्याखाली एप्रिलमध्ये दुपारी उभं राहवत नाही. पत्र्याखाली रॉकवूलचा (उष्णता अडवणाऱ्या दगडी लोकरीचा) थर दिला तेव्हा जरा बरं झालं. दुसरं, आवाज. उघड्या भिंतींमुळे शब्द घुमतात आणि नटाला वाटतं आपला आवाज फार छान लागतोय. नाट्यगृहात गेल्यावर तोच आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. जुन्या गोधड्या टांगल्यावर फरक पडला. तिसरं, पाऊस. जुलैत पत्र्यावर असा बडवतो की समोरच्याचं वाक्य ऐकू येत नाही. त्या महिन्यात आम्ही हालचाली बसवतो, वाक्यं ऑगस्टमध्ये.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं, आणि यात कुणी हयगय करू नका. गाळ्याला बहुतेक वेळा एकच शटर असतं. दहा कामगारांना ते पुरतं, साठ प्रेक्षकांना नाही. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आवारात आग लागली आणि चौदा जीव गेले. ती बातमी वाचल्यावर आम्ही दोन महिने तालमी बंद ठेवल्या, मालकाच्या परवानगीने मागची भिंत फोडून दुसरं दार केलं, कापडी सजावट काढली आणि वायरिंग पूर्ण बदललं. पैसे नव्हते, वर्गणी काढली. जागेचा वापर बदलला की त्याची परवानगी आणि अग्निशमन दलाचा दाखला दोन्ही बघावं लागतं. आधी दार करा, मग पडदा लावा.

आता ताईंच्या मूळ मुद्द्यावर येतो. शेजारच्या गाळ्यात एक लेथवाले काका आहेत. वय पासष्टच्या पुढे. मागच्या वर्षी आम्ही एका कामगाराच्या घरावर नाटक बसवत होतो, त्यात नायक कारखान्यात लेथवर काम करताना दाखवायचा होता. मुलगा मेहनती, पण काका दारात उभे राहून बघत होते आणि मान हलवत होते. शेवटी आत आले. म्हणाले, "याच्या शर्टाची बाही बघा. पूर्ण बाही, बटण उघडं. चकमध्ये, म्हणजे काम धरून फिरणाऱ्या भागात, अडकली तर हात जाईल. लेथवाला बाही कोपराच्या वर दुमडतो, नाहीतर अर्ध्या बाहीचाच शर्ट घालतो. आणि तो हातमोजे घालून उभा आहे. चालत्या लेथवर हातमोजे घालत नाहीत, तेही ओढले जातात." मग त्यांनी उभं कसं राहायचं ते दाखवलं. डोळे हत्याराच्या टोकावर, पण कान मोटरवर, कारण हत्याराचा काप जास्त खोल बसला की आधी आवाज बदलतो.

नायकाची ती तीन मिनिटं पूर्ण बदलली. पुढच्या प्रयोगानंतर वागळेतलेच दोन कामगार भेटायला आले. त्यांना वाटलं मुलगा आयटीआय शिकलाय. काकांचं नाव आम्ही श्रेयनामावलीत दिग्दर्शकाच्या खाली टाकलंय.

रातपाळी

गाळा नंबर सात, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पुढचा प्रयोग कधी आहे ते कळवा, मी येतो.

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून. वडील चार साचे सांभाळायचे. खात्यात इतका गोंगाट की बोलून उपयोग नसे. सगळे ओठांवरून बोलणं ओळखायचे. घरी आल्यावरही ते माझ्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघायचे. मला लहानपणी वाटायचं ते रागावलेत. धोटा (आडवा धागा नेणारा) रिकामा व्हायच्या आत त्यातली सुताची कांडी बदलायची, ताणा (उभा धागा) तुटला की साचा थांबवून टोक शोधून गाठ मारायची. ती गाठ ते एका हाताने मारायचे, दोन बोटं आणि अंगठा. मला शिकवली होती. आत्ता हे लिहिता लिहिता दोरा घेऊन बघितली. जमली.

लाइपझिगहून

मूळची नौपाड्याची, अकरा वर्षं जर्मनीत. इथे श्पिनेराय म्हणून १८८४ ला सुरू झालेली कापसाची सूतगिरणी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात मोठी मानली जायची. कामगारांची घरं, बालवाडी, भाजीचे छोटे मळे, सगळं आवारातच. जर्मनी एक झाल्यावर थोड्याच वर्षांत सूत थांबलं आणि रिकाम्या मजल्यांवर चित्रकार शिरले, कारण भाडं कमी आणि खिडक्या मोठ्या. निओ राउख या प्रसिद्ध चित्रकाराची कार्यशाळा तिथेच आहे. गॅलऱ्या आल्या, पण बरेचसे मजले अजूनही काम करणाऱ्या कलाकारांचेच आहेत, हे मला आवडतं. हात रंगाने माखलेली माणसं जिन्यावर भेटतात.

तिकडे गेले की मला दरवेळी आपली दमट हवा आठवते. कोरड्या हवेत सूत तटातट तुटतं, म्हणून गिरणीत मुद्दाम ओलावा ठेवावा लागतो. मुंबईच्या गिरण्यांना तो बराचसा समुद्राकडून फुकट मिळायचा.

आणि बर्फावरून: यंत्राने बर्फ होण्याआधी आपल्याकडे तो अमेरिकेतून जहाजाने यायचा! फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्याचं 'टस्कनी' जहाज १८३३ मध्ये गोठलेल्या तळ्यांचा बर्फ भुशात भरून कलकत्त्याला आलं. मद्रासला त्याच्या बर्फासाठी १८४२ मध्ये बांधलेली इमारत मरीना किनाऱ्यावर अजून उभी आहे. पुढे १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तिथे राहिले, आणि आता तिथे त्यांच्यावरचं प्रदर्शन आहे. चेन्नईचे लोक त्या भागाला अजून आइस हाउसच म्हणतात.

अमोनियावाला

लेथवाल्या काकांचं वाचून फार बरं वाटलं.

चेंदणीच्या ताई, माझ्या मनात दोन दिवस एक गोष्ट घोळते आहे. डब्यांची टाकी बुजवली असली, क्रेन काढली असली, तरी माहीतगार माणसाला काही खुणा सापडू शकतात. लादी बाहेर पडते त्या बाजूच्या जमिनीला उतार द्यावाच लागतो, नाहीतर वितळलेलं पाणी पायांत साचून माणसं घसरतात. माल जायचं दार हातगाडीच्या उंचीला धरून असतं. क्रेनची धाव भिंतीत कुठे टेकली होती त्याच्या खाचा बहुधा राहतात. त्या इमारतीत यातलं काय उरलंय ते गेल्यावरच कळेल. मला ती बघायची आहे. तुमच्या आईंना घेऊन पुन्हा जाणार असाल तर मी येतो. मी कारखान्याची आतली बाजू सांगेन, त्या दाराबाहेरची सांगतील.

चेंदणीची लेक

काका, नक्की या. आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. दुधी गाभ्याचं कारण ऐकून ती गप्प झाली, मग म्हणाली, "म्हणजे पाणी आपली घाण मध्ये लपवतं. म्हणूनच दुधी भाग आधी विरघळायचा." एका हाताच्या गाठीचं वाचलं तेव्हा तिने रातपाळी दादांसाठी विचारलंय की ती गाठ जाळ्याला चालेल का. दादा, तुम्ही आलात तर तिला दाखवाल?

येत्या रविवारी सकाळी साडेनऊला ठाणे स्टेशनला पश्चिमेच्या तिकीटखिडकीजवळ भेटू. हळू चालणार आहोत. खारीगावच्या ताई, आजोबांना येणं झेपणार असेल तर त्यांनाही आणा, मी व्हीलचेअर बघते. बोलणं रेकॉर्ड करायचं आहे, कुणाकडे बरा माइक असेल तर सांगा.

मोगरी सापडली. माळ्यावर जुन्या जाळ्याखाली होती. दांड्याच्या टोकाला आजीने तापलेल्या सळईने तिच्या नावाचं पहिलं अक्षर डागलेलं आहे, 'हि'. आईने ती धुऊन, पुसून, पिशवीत भरून ठेवली आहे.